दख्खनच्या कालव्यांवरील क्षारपड जमिनी आणि निचऱ्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात कालव्यांना मानाचे स्थान आहे. दुष्काळी मुलुखात पाणी आले, ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले आणि त्यातून एक नवे ग्रामीण नेतृत्व उदयास आले, अशी ही कथा सामान्यतः सांगितली जाते. ती खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. ज्या पाण्याने शिवारे हिरवी केली, त्याच पाण्याने काही शिवारे पांढरीही केली. कालव्याखालच्या सखल भागात जमिनीवर मिठाची पापुद्र्यासारखी साय धरू लागली, विहिरींचे पाणी मचूळ झाले आणि एकेकाळी उत्तम ज्वारी देणारी काळी रानेही ओस पडली. शेतकऱ्यांच्या भाषेत अशा जमिनीला चिबड, खारवट, चोपण, क्षारपड अशी निरनिराळी नावे आहेत. ही नावे समानार्थी नाहीत. चिबड म्हणजे पाणी साचून राहणारी, खारवट म्हणजे विद्राव्य क्षार वाढलेली आणि चोपण म्हणजे सोडियममुळे घट्ट व चिकट होऊन पाणी जिरू न देणारी जमीन. एकाच रानाचा या तीन अवस्थांतून होणारा प्रवास हा या प्रश्नाचा संक्षिप्त इतिहासच होय.

प्रस्तुत लेखात १८७६-७८ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये झालेल्या कालव्यांच्या, विशेषतः नीरा डाव्या कालव्याच्या, संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. सिंचन व्यवस्थेत क्षार धुऊन काढण्याच्या विचाराला कोणते स्थान मिळाले, ते उशिरा का मिळाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा या अभ्यासाचा उद्देश आहे.

क्षार साचण्याची आणि धुण्याची प्रक्रिया

इतिहासाकडे वळण्यापूर्वी प्रश्नाचे भौतिक स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. सिंचनाचे कोणतेही पाणी पूर्णतः क्षारमुक्त नसते. समजा, एका लिटर पाण्यात केवळ ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत. असे पाणी पिण्यासही योग्य मानले जाईल. उसाच्या एका पिकास २००० मिलिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी लागते आणि त्याबरोबर सुमारे ६ टन क्षार जमिनीत येतात. पीक पाणी शोषून घेते, ऊन पाणी उडवून नेते. क्षार मात्र बहुतांशी मागेच राहतात. पुरेसा पाऊस आणि नैसर्गिक निचरा असेल तर ते खाली वाहून जातात. तसे नसेल तर दरवर्षी त्यात भर पडते.

दख्खनमध्ये याहून मोठे कारण म्हणजे भूजलपातळीची वाढ. कालव्यातून व पाटाचाऱ्यांतून झिरपणारे पाणी आणि वरच्या शेतांतील जादा पाणी मुरमाच्या थरातून उताराकडे सरकते. सखल भागात ते भूपृष्ठापासून दीड-दोन मीटरच्या आत आले, की केशाकर्षणाने वर चढू लागते आणि जमिनीच्या थरांत आधीपासून असलेले क्षारही पृष्ठभागावर आणून सोडते. म्हणजे ज्याच्या शेतात पाणी जास्त झाले, त्याच्याच शेतात क्षार फुटतील असे नाही. वरच्या शेतकऱ्याच्या पाण्याचे फळ खालच्या शेतकऱ्यास भोगावे लागते. या प्रश्नाचे सामाजिक स्वरूप या साध्या भूशास्त्रीय वस्तुस्थितीतून निर्माण झाले आहे.

क्षार काढण्याचा उपायही पाणी हाच आहे. पिकाच्या गरजेपेक्षा काही जादा पाणी देऊन विद्राव्य क्षार मुळांच्या थराखाली ढकलावयाचे, यास क्षालन म्हणता येईल. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत या क्रियेस प्रमाणबद्ध रूप दिले. सिंचनाच्या पाण्याची क्षारता आणि निचऱ्याच्या पाण्याची ग्राह्य क्षारता यांच्या गुणोत्तरावरून क्षालनाचा अंश काढावयाचा. पाण्याची विद्युतवाहकता १ आणि निचऱ्याच्या पाण्याची ग्राह्य मर्यादा ८ असेल, तर मुळांच्या थरात शिरणाऱ्या पाण्यापैकी साडेबारा टक्के पाणी खाली निघून गेले पाहिजे. एक फूट जाडीच्या मातीतून एक फूट पाणी आरपार गेले असता सुमारे ८० टक्के विद्राव्य क्षार निघून जातात, असा ढोबळ आडाखाही त्याच परंपरेतील आहे. पाणी सतत तुंबवून ठेवण्यापेक्षा थांबून थांबून दिल्यास कमी पाण्यात अधिक क्षार निघतात, हेही पुढील अनुभवातून स्पष्ट झाले.

तथापि या सर्व गणितामागे एक अट गृहीत आहे. खाली गेलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट हवी. वाट नसेल तर क्षालनासाठी दिलेले पाणी भूजल वाढवते आणि रोग हटण्याऐवजी बळावतो. चोपण जमिनीत आणखी एक अडचण येते. तेथे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो. केवळ गोड्या पाण्याने धुतल्यास माती विस्कटून छिद्रे बुजतात आणि पाणी आत शिरतच नाही. जिप्समसारख्या पदार्थातील कॅल्शियमने सोडियमची जागा घ्यावी लागते आणि मगच तो धुऊन काढता येतो. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण अधिक असल्याने ही अडचण अधिक तीव्र होते.

कालवापूर्व व्यवस्थांतील निचऱ्याचे भान

पाण्याला वाट देण्याचे भान या प्रदेशात नव्हते, असे नाही. खानदेशातील पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे लाभक्षेत्र साधारणतः तीन-चार फडांत विभागलेले असे. एका फडात एका हंगामी एकच पीक घेतले जाई आणि उसासारखे जास्त पाण्याचे पीक फडांतून फिरते राही. त्यामुळे कोणताही भाग वर्षानुवर्षे ओला राहत नसे. पाणी देणारी व राखण करणारी माणसे गावाने नेमलेली असत आणि कालव्यातील जादा पाणी परत नदीत सोडण्याची सोय व्यवस्थेतच केलेली होती. क्षेत्र मर्यादित आणि नदीलगतचे असल्याने निचराही सुलभ होता.

कोकणातील खार जमिनी व गोव्यातील खाजण शेती यांचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे समुद्राचे खारे पाणी हा रोजचा शेजारी. बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, बांधातील उघाडीची (गोव्यात तिला मानस म्हणतात) झडप भरतीस मिटते आणि ओहोटीस उघडते. पावसाळ्यात शेतात साठलेले पावसाचे पाणी क्षार विरघळवते आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर पडते. नव्याने बांध घातलेल्या जमिनीत काही पावसाळे याप्रमाणे गेल्यावरच भात चांगले येऊ लागते. गोव्यात बांधांची देखभाल गावकरी संस्थेकडे असे. मुंबई सरकारनेही १९४८ साली खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला. येथे क्षालन हा शेतीच्या वार्षिक क्रमाचा भाग होता आणि क्षार बाहेर काढणारी वाट ही साऱ्या गावाची सामाईक मालमत्ता मानली जात होती. दख्खनच्या कालव्यांवर नेमका हाच घटक अनुपस्थित राहिला.

नीरा डावा कालवा : उद्दिष्ट आणि वास्तव

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळात पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाची वाताहत झाली. त्या काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्यास प्रारंभ झाला आणि १८८० च्या दशकात त्याचे पाणी बारामती, इंदापूरकडील पट्ट्यात खेळू लागले. भाटघर येथील धरणाचा त्यास आधार होता. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. बारामतीचा पाऊस वर्षास ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही अनिश्चित. अशा ठिकाणी पावसाने क्षार आपोआप धुऊन जाण्याची शक्यता कमीच.

कालव्याचा मूळ हेतू संरक्षक होता. ज्वारी-बाजरी वाचावी, दुष्काळ पडू नये, हे त्याचे उद्दिष्ट. परंतु पाऊस बरा झाला की ज्वारीला कालव्याच्या पाण्याची गरज नसे आणि शेतकरी पाणीपट्टी भरून ते घेत नसे. दुष्काळी वर्षी मागणी एकदम वाढे. कालव्याचा खर्च भरून निघण्यासाठी बारमाही मागणी करणारे पीक हवे होते. ऊस हे ते पीक. शेतकऱ्यांनाही गुळाच्या रूपाने रोख उत्पन्न मिळू लागले. सासवडच्या माळी समाजातील कसबी बागायतदार कालव्यांच्या पट्ट्यात खंडाने जमिनी घेऊन ऊस करू लागले. डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात पश्चिम भारतातील उसाच्या या अर्थकारणाची सविस्तर मांडणी केली आहे. अशा रीतीने दुष्काळ निवारणासाठी आखलेला कालवा प्रत्यक्षात उसाचा कालवा झाला.

याचे परिणाम आखणीतच दडलेले होते. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जाई, पाण्याच्या घनफळावर नव्हे. एकदा एकराचे पैसे भरल्यावर कमी पाणी घेण्यात शेतकऱ्याचा फायदा नव्हता. पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नसल्याने हाती आलेले पाणी भरपूर देऊन ठेवणे हेच शहाणपणाचे ठरे. सरकारला महसूल हवा होता, बागायतदाराला उत्पन्न हवे होते. भूजलाची पातळी मोजणे मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हते. उत्तर भारतात कालव्यांखाली ‘रेह’ फुटत असल्याचा विषय चव्हाट्यावर येऊन १८७७ मध्ये त्यासाठी समिती नेमली गेली होती. म्हणजे नीरा कालव्याचे काम चालू असतानाच हा धोका सरकारदरबारी ठाऊक होता. उत्तरेकडील १८७३ च्या कायद्याच्या नावात ‘कालवा’ आणि ‘निचरा’ हे दोन्ही शब्द होते, तर मुंबई इलाख्याचा १८७९ चा कायदा केवळ ‘पाटबंधारे’ या नावाचा होता. नावावरून कायद्याचा सारा आशय ठरत नाही. तथापि प्राधान्यक्रमाचा अंदाज येतो.

मान आणि ताम्हाणे यांचा अभ्यास

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान हे दख्खनमधील खेड्यांच्या सामाजिक-आर्थिक पाहणीमुळे अभ्यासकांना परिचित आहेत. त्यापूर्वी, १९१० साली, त्यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्यासमवेत नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर एक अहवालवजा पुस्तिका मुंबई कृषी खात्यातर्फे प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन जेमतेम एक पिढी उलटली होती. एवढ्या अल्प काळात या विषयावर स्वतंत्र शास्त्रीय पाहणी करावी लागली, हीच बाब प्रश्नाची तीव्रता दर्शविते.

या अभ्यासाचे ऐतिहासिक महत्त्व असे, की त्याने क्षारांचा प्रश्न दैवाधीन आपत्तीच्या कक्षेतून बाहेर काढून माती, पाणी आणि सिंचनपद्धती यांच्या परस्परसंबंधाच्या कक्षेत आणला. जमिनीत क्षार असणे ही एक गोष्ट आणि ते वर येणे ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीस कालवा कारणीभूत होता. त्यामुळे उपायही दोन दिशांनी शोधावे लागणार होते : भूजल वाढू न देणे आणि वाढलेले भूजल काढून देणे.

शिस्त की वाट : दोन उपाययोजना

या दोन दिशांपैकी पहिली सरकारला अधिक सोयीची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर गटपद्धती सुचविली. ऊस विखुरलेला न ठेवता ठराविक गटांत एकत्र आणायचा आणि गटाच्या सुमारे एकतृतीयांश क्षेत्रावर ऊस घेऊन उरलेल्या क्षेत्रात कमी पाण्याची पिके फिरवायची, असे तिचे तत्त्व होते. पाण्याची नासाडी टळावी, लाभ अधिक गावांत वाटला जावा आणि जमीन सतत ओली राहू नये, असे तिचे अनेक हेतू होते. आरंभी बागायतदारांनी तिला विरोध केला, पुढे ती रुळली. फड पद्धतीशी तिचे साम्य लक्षणीय आहे. फरक इतकाच, की फडात नियमन गावाचे होते आणि गटात ते खात्याचे झाले.

दुसऱ्या दिशेचा प्रारंभ १९१६ साली झाला. मुंबई सरकारने पुण्यात एक खास सिंचन विभाग स्थापन केला. शेतीच्या गरजांनुसार सिंचनाच्या पद्धतीत सुधारणा करणे हे त्याचे काम होते आणि दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ व क्षारपड जमिनींचा प्रश्न त्यात अग्रभागी होता. क्लॉड इंग्लिस यांचे नाव या कार्याशी जोडले गेले आहे. नैसर्गिक नाले खोल व मोकळे करणे, उघडे चर खणणे, जमिनीखाली नळ घालणे असे उपाय या काळात पुढे आले. काळ्या मातीतून पाणी आडवे सरकत नाही. ते खालच्या मुरमातून सरकते. म्हणून मुरमापर्यंत न पोहोचणारा चर निरुपयोगी ठरतो. दख्खनच्या निचऱ्याचे मर्म या एका वाक्यात सांगता येईल.

या विभागाचा पुढील प्रवास उद्बोधक आहे. १९२५ च्या सुमारास तो खडकवासला येथे गेला, १९३६ मध्ये केंद्र सरकारने तो आपल्याकडे घेतला आणि त्यातूनच आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था विकसित झाली. नद्या, बंदरे, धरणे यांच्या प्रतिकृतींसाठी ती जगभर नावाजली गेली. मात्र जिचा उगम कालव्यांवरील शेतीच्या गरजांत होता, त्या संस्थेची ओळख कालांतराने भव्य जलरचनांशी जोडली गेली. चर खणण्याच्या कामाला धरण बांधण्याच्या कामाची प्रतिष्ठा कधीच लाभली नाही.

१९३२ मध्ये स्थापन झालेल्या पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्रात मातीच्या वर्गीकरणाचे महत्त्वाचे काम झाले. जे. के. बसू आणि व्ही. डी. टागारे यांनी १९४३ साली दख्खनच्या कालव्यांवरील चोपण जमिनींचे स्वरूप व त्यांचे व्यवस्थापन यांवर केलेली मांडणी आजही आधारभूत मानली जाते. प्रत्येक मातीला सारखेच पाणी देणे चूक आहे, हे या कामाचे सार. परंतु पाण्याचे वाटप मातीच्या प्रकारावर नव्हे, तर अर्जावर आणि क्षेत्रावर चालत राहिले.

सहकारी साखर उद्योग आणि प्रश्नाचा विस्तार

१९२० च्या दशकात भाटघरचे नवे धरण आणि भंडारदरा धरण पूर्ण झाले. १९५० मध्ये प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने गाळप सुरू केले आणि कारखानदारीचे सहकारी पर्व सुरू झाले. कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठी उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या आणि हा प्रश्न नीरा व प्रवरा खोऱ्यांपुरता मर्यादित राहिला नाही. सांगली-कोल्हापूरच्या काळ्या, खोल, सपाट मळ्यांत त्याने उग्र रूप धारण केले. ‘क्षारपड’ हा शब्द तेथे सर्वतोमुखी झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात संशोधनाची साधने वाढली. १९६९ साली कर्नाल येथे केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील केंद्राने या प्रश्नावर काम केले. सच्छिद्र नळ्यांची भूमिगत निचरा प्रणाली, जिप्सम, धैंचा-तागासारखी हिरवळीची खते आणि ठिबक सिंचन ही उपायांची साखळी आज सुपरिचित आहे. अलीकडील दशकांत शिरोळ तालुक्यासारख्या भागात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भूमिगत निचऱ्याची कामे केली आणि पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या.

या कामांतून एक गोष्ट ठळकपणे समोर येते. एकट्याने केलेला निचरा अपुरा पडतो. आपल्या शेतातील नळ शेजाऱ्याच्या बांधापाशी संपत नाही. त्याला मुख्य चर लागतो, चराला ओढा लागतो आणि ओढा अतिक्रमणमुक्त असावा लागतो. पाणी आणण्यासाठी पाट, चाऱ्या, पाळीपत्रक, पाटकरी अशी पूर्ण यंत्रणा उभी केली गेली; पाणी नेण्याचे काम मात्र बहुतांशी ज्याच्या-त्याच्यावर सोपविले गेले. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनफळावर पाणी देण्याचे तत्त्व मान्य केले, हे क्षेत्राधारित आकारणीच्या जुन्या दोषावरील महत्त्वाचे उत्तर होय. परंतु मोजून पाणी आणणे हा अर्धाच भाग आहे.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने

क्षार आणि सिंचन यांच्या इतिहासाची चर्चा मेसोपोटेमियाशिवाय पूर्ण होत नाही. थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९५८ साली असे प्रतिपादन केले, की दक्षिण मेसोपोटेमियात गव्हाची जागा क्षार सोसणाऱ्या सातूने घेतली आणि उत्पादनाची घट तेथील सत्तांच्या ऱ्हासास कारणीभूत ठरली. पुढे मार्विन पॉवेल यांनी १९८५ मध्ये या मांडणीतील पुराव्यावर आक्षेप घेतले आणि तेथील शेतकऱ्यांना जमीन पडीक ठेवण्याचे व क्षार धुण्याचे ज्ञान होते, याकडे लक्ष वेधले. या वादातून दख्खनच्या अभ्यासकाने एक बोध घ्यावयास हरकत नाही. क्षार साचणे हा सिंचनाचा अटळ शेवट नसून ती व्यवस्थेची परीक्षा असते. प्रश्न ज्ञान होते की नाही एवढाच नसून ते अमलात आणणारी संस्था होती की नाही, हाही असतो.

निष्कर्ष

दख्खनच्या कालव्यांचा इतिहास पाहता पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, क्षारपड जमिनीचा धोका अज्ञात नव्हता. उत्तरेतील अनुभव १८७७ पासून आणि नीरा खोऱ्यातील शास्त्रीय पाहणी १९१० पासून उपलब्ध होती. दुसरी, ‘शेतकरी पाणी जास्त देतो’ हे स्पष्टीकरण अर्धसत्य आहे. क्षेत्रावरील आकारणी, पाळीची अनिश्चिती आणि बारमाही पिकावर अवलंबून असलेला महसूल यांनी त्याला तसे वागण्यास प्रवृत्त केले. तिसरी, ‘पाणी कमी द्या’ आणि ‘पाणी देऊन क्षार धुवा’ हे दोन्ही सल्ले शास्त्रीयदृष्ट्या योग्य असून त्यांच्यातील विसंगती केवळ निचऱ्यानेच दूर होते. निचऱ्याविना पहिला सल्ला अपुरा आणि दुसरा घातक ठरतो. चौथी, नुकसान आणि लाभ यांचे धनी वेगळे होते. वरच्या रानातील उसाचे पैसे एकाच्या हाती पडले आणि खालच्या रानातील मीठ दुसऱ्याच्या वाट्यास आले.

लाभक्षेत्राचे आकडे मांडताना कालव्याने भिजवलेली जमीन मोजली जाते. कालव्याने गमावलेली जमीन त्यातून वजा करण्याची प्रथा नाही. कोकणातील खार शेतकऱ्याने बांधाइतकीच उघाडीची निगा राखली, कारण उघाडी तुंबली तर बांध असूनही शेत जाते, हे त्याला दरवर्षी दिसत होते. दख्खनमध्ये तेच सत्य दिसण्यास एक पिढी लागली आणि तोवर सखल रानांवर पांढरी साय धरली होती.